रहीममास्तरांची फिरती शाळा

आमच्या गावात लेकराला शाळेत सोडायचं म्हणजे बापाला आधी शाळा शोधावी लागे.

कयाधूच्या काठी आमचं गाव. निजामाचं राज्य, एका मास्तराची शाळा, आणि ते मास्तर म्हणजे रहीममास्तर. इमारत धड होती, पण ती बहुधा कुलूपबंद असे. डोक्यावर फळा घेऊन मास्तर पुढं आणि पंधरा पोरं मागं. आज पळसाखाली, उद्या नदीच्या वाळूत, परवा माळावर.

"मास्तर, शाळेच्या पायाला भिंगरी लागली का?" पाटील विचारायचे.

"छत गळून राहिलंय, पाटील."

"माघ महिन्यात?"

"सवय लागलीय त्याला."

शिकवणंही तसंच. कुणी पुस्तकातलं उत्तर घोकून म्हटलं की मास्तर त्याला थेट वारुळाकडं धाडायचे. "बराबर बघ, मंग बोल."

एकदा शाळातपासणीचे साहेब आले. शेरवानी, रुमी टोपी, आणि बंद शाळेपासून माळापर्यंत चालून तापलेलं डोकं. त्यांनी पुढच्या गणूला विचारलं, मुंगळ्याला पाय किती?

गणू उठला. साहेबांभोवती एक फेरी मारून त्यानं त्यांच्या बाहीला नाक लावलं.

"सहा. पण हलू नका साहेब, पुन्हा मोजतो."

साहेबांनी बाही झटकली आणि फर्मान सोडलं. उद्यापासून शाळा चार भिंतींत, नाहीतर मास्तरांची बदली. "छत मैंने देखा. एकदम ठीक है. फिर बाहर क्यूँ?"

मास्तरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग मान न वळवता म्हणाले, "मागं झुडपाआड एक पोरगी हाय साहेब. बाप तिला शाळेत धाडत न्हाई, शेळ्यांमागं धाडतो. शेळ्या जातील तिकडं ती जाते. म्हून शाळा बी तिकडं जाते. तुमी वळून बघू नका, पळून जाईल."

ती मी. आज नावापुढं बी.ए. लावते, आमच्या घराण्यातली पहिली. तेव्हा दोन वर्षं मला वाटत होतं की मी चोरून शिकते आणि मास्तरांना पत्ता नाही. फळ्यावर ते हातभर अक्षरं का काढत, हे मला त्या दिवशी कळलं.

साहेब खरंच वळले नाहीत. झुडपापर्यंत पोचेल एवढ्या आवाजात त्यांनी विचारलं, "सात अट्ठे?"

एकही पोरगं बोललं नाही. मास्तरांनी डोळे वटारले असावेत.

"छप्पन," माझ्या तोंडून निघून गेलं.

साहेबांनी हजेरीचं पुस्तक मागून घेतलं. "नाम?"

मी तोंड उघडायच्या आत मास्तरांनी माझं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. साहेबांनी ते लिहिलं, पुस्तक मिटलं. "कल मदरसा किधर?"

मास्तर झुडपाकडं वळले, दोन वर्षांत पहिल्यांदा.

"नदीकडं," मी म्हणाले. "तिकडं गवत बरं हाय."