नीलकंठरावांचा रंगीत नकाशा

एका जंगलात, बाळांनो, एक यंत्र होतं. धुराचा वास आला की ते भोंगा वाजवायचं. भोंगा वाजला की सगळे प्राणी ओढ्याकडे पळायचे. यंत्राला एवढंच येत होतं आणि जंगलाला एवढंच हवं होतं.

यंत्र सांभाळायला गणोजी नावाचे साळिंदर होते. यंत्रातले प्रोग्रॅम गाठोड्यांमधून येत, आणि गाठोडी मिळायची दोन भांडारं होती. पक्क्या भांडारातलं प्रत्येक गाठोडं दोन वर्षं वापरून पारखलेलं असे. कच्च्या भांडारात सकाळी बांधलेलं गाठोडं दुपारी मिळे. तिथं दारावरच पाटी होती : 'काम चालू आहे. आपापल्या जबाबदारीवर न्यावे.'

गणोजी फक्त पक्क्या भांडारातून माल आणत. सहा उन्हाळे भोंगा वेळेवर वाजला. म्हणून तर दरबारात गणोजींना कुणी ओळखत नव्हतं.

सातव्या वर्षी वाघमहाराजांनी नीलकंठराव मोरांना यंत्रप्रमुख केलं. त्यांना यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण ते दिसायला प्रमुखासारखे होते. शेजारच्या जंगलात त्यांनी एक रंगीत, हलता नकाशा पाहिला होता. तसा आपल्याकडे हवा, असं त्यांनी गणोजींना सांगितलं.

गणोजींनी चौकशी केली. नकाशाचं गाठोडं कच्च्या भांडारात होतं. त्याला चालायला नवा पाया, म्हणजे सगळ्यांच्या खालचा मूळ प्रोग्रॅम, लागत होता. आणि आपला भोंगा उभा होता जुन्या पायावर.

"सगळं पक्कं ठेवू, नाहीतर सगळं कच्चं घेऊ," गणोजी म्हणाले. "दोन दगडांवर पाय ठेवू नये, साहेब."

"एकच तर गाठोडं आहे," नीलकंठराव म्हणाले.

प्रकरण महाराजांपुढे गेलं. महाराजांना भांडणं आवडत नसत. जंगलात जुन्यांनाही स्थान आहे आणि नव्यांनाही, सबब दोन्हीकडचा थोडा थोडा माल घ्यावा, असा सुवर्णमध्य त्यांनी काढला. सभेनं शेपट्या आपटून दाद दिली. गणोजींना हरकत लेखी द्यायला सांगितली. त्यांनी ती दिली, आणि ती फाईलमध्ये अगदी व्यवस्थित लावली गेली.

गाठोडं नीलकंठरावांनी स्वतःच्या चोचीनं चढवलं. यंत्र भलं होतं. त्यानं विचारलं : 'नकाशासाठी पाया बदलावा लागेल. त्यामुळे भोंगा काढून टाकला जाईल. चालेल का? हो / नाही.'

नीलकंठरावांनी 'हो' दाबलं. असले प्रश्न कुणी वाचतं का, बाळांनो?

नकाशा फारच सुंदर आला. उद्घाटनाला महाराज आले. ओढा निळा दिसत होता, झाडी हिरवी. नकाशा बघून काही माकडांनी आपलं झाड ओळखलं आणि त्यांना भरून आलं. गणोजींना त्या दिवसापासून यंत्राजवळ फिरकू दिलं नाही. त्यांच्या काट्यांमुळे पाहुण्यांची गैरसोय झाली असती.

चैत्र संपला. वैशाखातल्या एका दुपारी पश्चिमेच्या उतारावर वणवा लागला.

नकाशानं तो लगेच दाखवला. एका कोपऱ्यात तांबडा ठिपका उमटला आणि पसरू लागला. दरबारातले सगळे बघायला जमले. तांबड्यात केशरी कसं मिसळत जातं ते नीलकंठरावांनी महाराजांना समजावून सांगितलं.

गणोजींना धुराचा वास आला. भोंगा का वाजत नाही म्हणून ते धावत यंत्रापाशी गेले. त्यांनी भोंग्याला हाक दिली. यंत्रानं उत्तर दिलं, 'या नावाचं इथं काही नाही.'

गणोजी तिथं थांबले नाहीत. उतारावर सशांची बिळं होती. ते काटे खडखडवत प्रत्येक बिळाच्या तोंडाशी गेले. हिराबाई सशीण पाच पिल्लांना दूध पाजत होती. तिला पिल्लांसकट त्यांनी पुढं घातलं आणि मागं पडलेलं एक पिल्लू स्वतःच्या तोंडात धरलं. ससे ओढ्यावर पोचले. गणोजींचे पाठीवरचे अर्धे काटे जळाले. बाबुराव कासवही निघाले होते. भोंगा वाजला असता तर पोचले असते.

मग चौकशी झाली. समितीनं तीन निष्कर्ष काढले. नकाशानं आपलं काम चोख केलं. दोष पक्क्या भांडाराचा होता, कारण तिथला भोंगा इतका जुनाट होता की नव्या पायाशी त्याचं जमलं नाही. आणि गणोजींनी परवानगीशिवाय खडखडाट करून घबराट पसरवली.

नीलकंठरावांना बढती मिळाली. गणोजींना घरी बसवलं. हिराबाईनं आपल्या बिळाशेजारी त्यांना जागा करून दिली, आणि उतारावरचे ससे आता भोंग्याची नाही, त्यांच्या खडखडाटाची वाट बघतात. अर्धे काटे उरलेत, पण आवाज पोचतो.

तात्पर्य : यंत्रानं काही विचारलं तर न वाचता 'हो' म्हणावं. वाचणाऱ्याला 'नाही' म्हणायची खोड लागते, आणि 'नाही' म्हणणाऱ्याला कुठलंच जंगल प्रमुख करत नाही.