यसूआक्काचा जादा तास

एका जंगलात, बाळांनो, एकदा शिकण्याची साथ आली. पिल्लं चपळ, ती झाडावर चढून बसली आणि वाचली. सापडले ते मोठे. जन्मभर अंगठा उठवणारे, कमी ऐकू येणारे, एकदा सांगून न कळणारे. अशा सगळ्यांसाठी टेकडीखाली प्रौढ शाळा निघाली.

त्याच जंगलात खंडू नावाचा एक तरुण साळिंदर राहायचा. अंगावर काटे भरपूर, डोक्यात काही नाही. त्याने स्वतः शाळा दोनच दिवस केली होती. पहिल्या दिवशी बसला, दुसऱ्या दिवशी पळाला. तरी कुठल्याही विषयावर त्याचं मत आधी तयार असायचं. विषय नंतर कळला तरी चालायचं.

खंडूला एक थोरली बहीण होती, यसूआक्का. आईबाप गेल्यावर तिनेच कंदमुळं उकरून त्याला वाढवलं. आक्काच्या डोक्यात गोष्ट उतरायला वेळ लागायचा. आणि सांगायला बसली की तीच गोष्ट ती तीनदा सांगायची. ओढ्यावर एक मुंगूस दिसलं, तर अंधार पडेपर्यंत बिळात तीन मुंगसं जमायची.

"आक्का, तू शिक," एक दिवस खंडू म्हणाला. "बहीण शिकलेली असली की भावाला मान मिळतो."

"मग तूच शिक की."

"मला वेळ कुठाय?" असं म्हणून खंडू आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी तो तिला शाळेच्या फाटकाशी घेऊन गेला. फाटकात बगळेराव एका पायावर उभे होते. ते शाळेचे सुरक्षा अधिकारी. त्यांचे डोळे मिटलेले होते. डोळे मिटले की धोका दिसत नाही, आणि न दिसलेला धोका कागदावर घ्यावा लागत नाही, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं.

"शाळा सुरक्षित आहे ना?" खंडूने विचारलं.

"फलक वाचा," बगळेराव म्हणाले.

फाटकाशेजारी सागवानी फळ्यांचा भला मोठा फलक होता. खंडूला तो वाचता आला नाही, पण दिसला. एवढा मोठा फलक म्हणजे सुरक्षितताही तेवढीच असणार, असा त्याने हिशेब केला.

"काटे मात्र काढून द्यावे लागतील," बगळेराव म्हणाले. "आवारात टोकदार वस्तूंना बंदी आहे. विद्यार्थ्यांच्याच भल्यासाठी."

आत बिबटे गुरुजी नखाने झाडाच्या सालीवर बाराखडी कोरत होते.

"आणि त्यांची नखं?" आक्काने विचारलं.

"ते शैक्षणिक साहित्य आहे."

"बिबट्या तर आपल्याला खातो ना?" आक्काने पुन्हा विचारलं.

"गुरुजी शाकाहारी आहेत. आधीच्या जंगलाचा तसा दाखला आहे."

"आधीचं जंगल त्यांनी का सोडलं?"

"गप गं आक्का!" खंडूने तिला ढोसलं. "चारचौघांत अक्कल दाखवू नको."

बघा बाळांनो, मंद कोण होतं ते. पण ते असो.

काटे खंडूनेच उपटले. एकेक करून. आक्का कळवळून "आई गं" म्हणायची आणि हा म्हणायचा, "शिकायचंय ना? मग सोस." शेवटी बगळेरावांनी एक पान पुढे केलं. पालकाने वाचून खाली पंजा उमटवायचा होता. खंडूने पंजा फार छान उमटवला.

आक्का शाळेत जाऊ लागली. आठवड्याभराने एका संध्याकाळी ती म्हणाली, "खंड्या, गुरुजी मला एकटीलाच मागे थांब म्हणतात. जादा तास घेतात."

"हुशार विद्यार्थ्यांनाच थांबवतात," खंडू म्हणाला. लगेच शेजारच्या बिळात जाऊन तो ही बातमी सांगूनही आला.

दुसऱ्या संध्याकाळी आक्का म्हणाली, "खंड्या, जादा तासाला धडा नसतोच. गुरुजी माझ्याभोवती फेऱ्या मारतात. वास घेतात."

"मग आंघोळ करून जात जा."

तिसऱ्या संध्याकाळी ती म्हणाली, "मी उद्या नाही जायची. मला भीती वाटते." हेही तिने तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा खंडूचं डोकं फिरलं.

"काय तीच तीच टकळी लावलीस? माझं नाव घालवायचंय का? मुकाट्याने जायचं!" असं म्हणून त्याने कानांत पाला कोंबला आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी आक्का मुकाट्याने गेली. जादा तास झाला. आक्का परत आली नाही. सकाळी ओढ्याकाठी तिचं एक तुटलेलं पाऊल तेवढं सापडलं.

खंडू धावत फाटकाशी गेला. "माझी बहीण कुठाय?"

बगळेरावांनी डोळे न उघडताच हजेरीपट चाळला. "गैरहजर आहे."

"तिला गुरुजींनी खाल्लं!"

"तसा रकाना नाही आमच्याकडे. तिने तक्रार केली होती का?"

"केली होती! तीन दिवस करत होती!"

"कुणाकडे?"

"माझ्याकडे."

"मग तुम्ही काय केलंत?"

खंडूचा पंजा आपोआप कानाकडे गेला. तेव्हा बगळेरावांनी प्रथमच डोळे उघडून त्याच्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या नजरेत आपुलकी होती.

"अहो, मग तुम्ही आमच्यातलेच," ते म्हणाले. "सुरक्षा समितीत एक जागा रिकामी आहे. येता का?"

तेवढ्यात बिबटे गुरुजी मिशा पुसत फाटकाशी आले. खंडूने सगळे काटे उभे केले आणि चाल केली. आता साळिंदराची चाल असते पाठीकडून. शौर्याचा हा असा प्रकार आहे की त्यात शत्रू सोडून बाकी सगळं दिसतं. खंडू उलट्या पावलांनी जिवाच्या आकांताने सुटला. गुरुजी दोन पावलं बाजूला सरकले. खंडू जाऊन सागवानी फलकावर आदळला आणि तिथेच अडकला.

"बाळ, रागावर ताबा हवा," गुरुजी म्हणाले आणि वर्गात गेले. बगळेरावांनी डोळे मिटले.

पाय हवेत, पाठ फलकाला. ना पुढे जाता येत होतं, ना कान झाकता येत होते. आयुष्यात पहिल्यांदाच खंडूवर समोरच्याचं ऐकून घ्यायची वेळ आली होती.

दुपारी शाळा सुटली. हौसा नावाची म्हातारी सशीण बाहेर आली. कान एवढे लांब, पण ऐकू कमी यायचं. त्यामुळे ती स्वतःशीसुद्धा ओरडूनच बोलायची.

"अरे, तू इथे खुंटीला टांगल्यासारखा काय लटकलायस?" हौसा म्हणाली. "बरं, मला एक सांग. गुरुजी मला उद्या एकटीला थांब म्हणाले. जादा तास आहे म्हणे. चांगलंच असेल ना रे ते?"

'तू हुशार आहेस म्हणून,' हे उत्तर खंडूच्या तोंडात तयार होतं. त्याने ते गिळलं.

"मावशी, पुन्हा सांग," तो म्हणाला.

तिने पुन्हा सांगितलं.

"अजून एकदा."

"तू पण बहिरा आहेस की काय?"

"होतो," खंडू म्हणाला.

मग त्याने तिला आक्काची सगळी गोष्ट सांगितली. तिला ऐकू जावी म्हणून ओरडून सांगितली. त्यामुळे शाळेतून बाहेर पडणाऱ्या बाकीच्या दहा जणांनीही ती ऐकली. सगळ्यांनी मिळून खंडूला ओढलं. तो सुटला, पण त्याचे अकरा काटे फलकातच रुतून राहिले. हौसाने एक उपटला आणि बोटाला टोचून पाहिला.

"फाटकावर काढून घेतील," ती म्हणाली.

"लेखणी आहे म्हणून सांग," खंडू म्हणाला. ही त्याच्या आयुष्यातली पहिली अक्कल. जरा उशिरा आली.

दुसऱ्या दिवशी जादा तासाला गुरुजींपुढे एकटी हौसा नव्हती. अकरा विद्यार्थी होते आणि प्रत्येकाच्या हातात एक लेखणी. गुरुजींनी एक फेरी मारली. दुसरी अर्धीच मारली. मग त्यांच्या पोटात दुखू लागलं.

पोटाचं ते दुखणं काही बरं झालं नाही. आठवड्याने गुरुजींचा निरोप समारंभ झाला. बगळेरावांनी भाषण केलं आणि 'वर्तणूक उत्तम, आहार शाकाहारी' असा ताजा दाखला दिला. तो घेऊन गुरुजी पलीकडच्या जंगलाकडे निघाले. तिथेही म्हणे प्रौढ शाळा निघते आहे.

त्यांच्या आधी तिथे पोचायला हवं म्हणून खंडू आडवाटेने पळत गेला. बिळाबिळाशी थांबून त्याने गोष्ट सांगितली. कुणी हसलं, कुणी लेखी मागितलं, एका घुशीने तेवढी शेवटपर्यंत ऐकली. एक तर एक.

संध्याकाळी तो बिळात परतला. दिवसभर काय काय झालं ते कुणाला तरी सांगावं, असं त्याला फार फार वाटलं. बीळ चांगलं ऐसपैस होतं. एकट्याला तर जास्तच.

तात्पर्य : बाळांनो, थोरल्या बहिणीचं कधीही ऐकू नये. ऐकलं तर ती जिवंत राहते, आणि मग जन्मभर तिची तीच ती गोष्ट रोज तीनदा ऐकावी लागते.