आपोआप गळलेली पिसं

एका जंगलात, मुलांनो, कुणालाच थंडी वाजत नव्हती. ज्याच्या त्याच्या अंगावर ज्याची त्याची कातडी होती. अशा ठिकाणी गरम वस्तूंचं दुकान काढायचं म्हणजे केवढी पंचाईत! पण निळोबा कोल्हा शिकलेला होता. त्यानं पाटी लावली : ‘थंडी वाजत नाही? कारण तुम्ही अजून कॅम्पिंगला गेला नाहीत!’

झालं. जंगलात राहणारे प्राणी जंगलात राहायला निघाले. कॅम्पिंग म्हटलं की स्लीपिंग बॅग आलीच, आणि तीही पिसांची. सगळ्या जंगलाला पिसांचं पिसं लागलं. हसू नका! तुमच्या घरी माळ्यावर काय काय पडलंय, ते आधी बघून या.

भिवराव अस्वलही दुकानात आले. अंगावर वीतभर केस.

“काका, ही उणे दहा अंशांची घ्या,” कोल्हा म्हणाला.

“म्हणजे उणे दहात झोप लागेल?”

“मरणार नाही, एवढं नक्की. झोप किती अंशांना लागेल, तो आकडा वेगळा. तो आत शिवलाय. बारीक अक्षरात.”

“आणि पिसं कुणाची?”

सगळं दुकान वळून बघायला लागलं. असं कुणी विचारत नसतं, मुलांनो! रंग विचारतात. चेन कुठल्या बाजूला, ते विचारतात.

“लेबल वाचा की,” कोल्हा म्हणाला. “‘आपोआप गळलेली पिसं.’ शिरा आत, बघा कशी ऊब आहे.”

भिवराव आत शिरले. कोल्ह्यानं चेन ओढली. ती केसांत अडकली ती अडकलीच.

तेवढ्यात चिमाबाई बदकीण अंड्यांची टोपली घेऊन दारात आली. छाती उघडीबोडकी, अंगावर काटा.

“आपोआप? अरे मुडद्या, चौघांनी धरलं होतं मला! घरट्यात अंथरायची पिसं होती ती. सहा अंडी गार पडत चाललीत. दे माझी पिसं!”

“विकलेला माल परत नाही, मावशी. शिवाय आत गिऱ्हाईक आहे.”

आतलं गिऱ्हाईक घामानं निथळत होतं. “अरे, काढा मला! इतकं उकडतंय की अंडी शिजतील इथं!”

चिमाबाईनं ऐकलं मात्र, गळ्यापाशी फट शोधली आणि एकेक करत सहाही अंडी आत सोडली.

“शिजवू नका हं भावोजी, उबवा! आणि कूस बदलू नका!”

अठ्ठावीस दिवस! बाकीचे प्राणी वाजतगाजत कॅम्पिंगला गेले, घोरले, परत आले. भिवराव हलले नाहीत. झोपेत अंडं फुटलं तर? डोळ्याला डोळा लागला नाही बिचाऱ्याचा. एकोणतिसाव्या दिवशी बॅगेतून सहा चोची वर आल्या आणि अस्वलाला म्हणाल्या, “आई!”

चिमाबाई हसली, रडली, पुन्हा हसली.

कोल्हाही बघायला आला. पिल्लं पाहून त्याचे डोळे भरून आले. “काय कोवळी लव!” म्हणत त्यानं लगेच नवी पाटी लावली : ‘ताजी पिसं! पुढच्या हंगामात आपोआप गळतील!’ पाटीखाली रांग लागली. सगळी झोप झालेली, टवटवीत मंडळी.

भिवरावांनी हिसका दिला. चेन तुटली, मूठभर केसही गेले. ते उठले आणि पिल्लांपुढे जाऊन बसले. अजून बसलेत. कोल्हा येतो, वाकून बघतो, “काका, जागेच का?” म्हणतो आणि परत जातो.

तात्पर्य : स्लीपिंग बॅग निवडताना रंग पाहावा, चेन पाहावी, आकडा पाहावा. पिसं कुणाची, हे मात्र विचारू नये. झोप लागत नाही.