नामामास्तर आणि त्यांचे पोट्टे

नामामास्तर दही सोडून जगात सगळ्यांशी भांडत. जळगाव जामोदला ते आमचे शेजारी. शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेले, बायको आधीच गेलेली. रात्री विरजलेल्या गाडग्यावरचं झाकण सकाळी काढून दह्यातल्या जंतूंना लाडानं विचारत, "झोप झाली का रे पोट्टेहो?" आणि लगेच माझ्यावर, "तू काऊन दात काढून राह्यली?"

मी तेव्हा नवी सून. नागपूरला इंटर सायन्सला नापास झालेली, म्हणून जरा जास्तच शास्त्रीय. पाणी उकळायची, गाळायची, पुन्हा उकळायची. जंतू म्हटलं की त्याचा जीव घ्यायला धावायची.

"सारेच जंतू चोर असतात काय वं?" मास्तर कुंपणावरून ओरडत. "पोटात पहारेकरी हायेत. दह्यातले जंतू त्याइले निरोप देतात. कोणावर धावाचं, अन् कोण घरचा हाये, त्याले सोडाचं."

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकवाल्याइले अजून समजलं नाही, त्याले मी काय करू?"

आता माझी नात प्रयोगशाळेतून येऊन मला हेच शिकवते. दह्यातले काही जंतू म्हणे आतड्यातल्या संरक्षक पेशींना इशारे देतात, उगीच पेटू नका म्हणून. मी मान डोलावते. पण मग रोज वाडगंभर दही खाऊन मास्तर कसे पेटलेले असत, ते तिलाही सांगता येत नाही.

एका दिवाळीला त्यांचा मुलगा मुंबईहून आला. उकळलेलं पाणीसुद्धा स्वतःचं घेऊन. निघताना मास्तरांनी चमचाभर दही पुढे केलं. गावाला जाणाऱ्याच्या हातावर दही ठेवायचं, साधी रीत.

"नको बाबा. पोट बिघडतं माझं."

"याच दह्यावर वाढला ना बे तू!"

तो पिशवी उचलून एस.टी.कडे निघाला. मागून वाटी घेतलेले मास्तर, तोंडानं शिव्या देत. त्यांच्या मागे मी. भाजी आणायची होती. खोटं कशाला बोलू, तमाशा बघायचा होता.

"चाट तरी बे, मुर्दाडा!" मास्तर गाडीच्या खिडकीखाली उभे राहून ओरडले.

मुलानं खिडकी ओढून घेतली. त्या माणसाचा मला आजही संताप येतो.

गाडी गेली. धुरळा खाली बसेपर्यंत मास्तर वाटीवर हात धरून उभे होते. मग माझ्यावरच खेकसले, "पाहून काय राह्यली? हात पुढं कर!"

"अहो मास्तर, मी कुठं गावाला चाललेय? मी घरी चालले."

"मंग घरी जा." त्यांनी माझ्या तळव्यावर दही घातलं. "अन् पोचली म्हंजे सांगाले येजो मले."