चांदण्या निजल्यात ना?

सकाळी जिन्यात भेटले की नाखवासर रामराम करत नसत. समोरच्याच्या पोटाकडे बोट रोखून विचारत, "काय, चांदण्या निजल्यात ना?" नवा भाडेकरू गांगरून शर्टाची बटणं चाचपायचा.

सर मूळचे मोरा बंदरावरचे कोळी, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून पनवेलला आमच्या सोसायटीत स्थिरावलेले. चांदण्या म्हणजे स्वादुपिंडातल्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशी. "एरवी अ जीवनसत्त्व साठवून गपचूप पडून असतात. इजा झाली की उठतात आणि धागे विणून ती जागा सांधतात. आम्ही जाळं सांधतो तशा." मग आवाज खाली यायचा. "पण रोज दारू ओतून उठवलंत तर थांबत नाहीत हो. सगळं पिंड घट्ट होतं. भोकं बुजलेल्या जाळ्याचा काय उपयोग?"

हे व्याख्यान त्यांनी सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेत दिलंय. माझ्या मुलाच्या हळदीत तर व्याह्यांच्या हातातला पेला काढून घेऊन दिलं. व्याही अजून विचारतात, "तुमचे ते ज्योतिषी कसे आहेत?"

त्यावरून सरांना 'पोटज्योतिषी' हे नाव मीच ठेवलं. ते चिकटलं. म्हणून खरं काय तेही मीच लिहायला हवं.

सरांचा धाकटा भाऊ पांडू मोऱ्याला मासेमारी करायचा. प्यायचा आणि पोट धरून लोळायचा. सर दर रविवारी त्याला समजवायला जात. एकदा मीही गेलो. पांडू हसत म्हणाला, "दादूस, तुजं शिकवनं पनवेलात ठेव. आमाला चांदन्या फक्त वरच्या म्हाईत हायत."

परतताना एसटीत सर म्हणाले, "हा ऐकत नाही. मग मी दिसेल त्याला सांगत सुटतो."

"एकदा उठलेल्या चांदण्या पुन्हा निजतात का हो?" मी पहिल्यांदाच मनापासून विचारलं.

"इजा थांबली तर, कदाचित. शोधतायत लोक."

पांडूची इजा थांबली नाही. तो गेल्यावर सरांनी त्याचं फाटकं जाळं घरी आणलं आणि गॅलरीत सांधायला बसले. एका संध्याकाळी मी चहा घेऊन गेलो. फाटलेलं केव्हाच सांधून झालं होतं. सर चांगल्या भागात गाठी मारत होते, एकेक भोक बुजत होतं.

"सर, इथं कुठं फाटलंय?"

"नाही फाटलेलं," ते म्हणाले, आणि पुढची गाठ मारली.