कर्णेकऱ्याच्या पदकाची मोहीम

विदित व्हावे की, डॅन्यूब नदीचे काठी, प्रांत बव्हेरिया, मौजे क्रोटेनबाख येथील राजश्री ओटमार हिर्नबाइस यांनी रेगेन्सबुर्गचे लिलावावर जी मोहीम केली, तिचे वर्तमान खाणावळीत बसोन लोक भलतेच सांगू लागले. कोणी म्हणे, ओटमारने दाताचे डॉक्टरास मारिले. कोणी म्हणे, डॉक्टराने ओटमारचा दात पाडिला. दोन्ही खोटे. सबब ओटमारचे कबिल्याने, सौभाग्यवती बुर्गीबाईंनी, आम्हां शेजाऱ्यास हुकूम फर्माविला की, "तू होतास ना तिथे? मग नीट लिहून काढ. आणि मी कशी दिसत होते ते लिहायची काही गरज नाही." हुकूम शिरसावंद्य मानोन, घडले तैसे लिहितो.

ओटमार हे क्रोटेनबाखचे पोहण्याचे तलावाचे निवृत्त किल्लेदार. तेथे तीस वर्षे शिट्टी फुंकोन पोरांस धावू दिले नाही, ऐसी त्यांची जरब. त्यांस जुने फौजेची पदके आणि बिल्ले जमविण्याचा नाद. परंतु राजाचे अमदानीतले तेवढेच घ्यावे. त्यापुढील हुकूमशहाचे काळ्या राजवटीचे चिन्ह उंबरठ्याचे आत येऊ देऊ नये, हा त्यांचा दस्तूर. बैठकीचे भिंतीवर काचेचे पेटीत पदकांची रांग उभी, आणि रोज सकाळी खासे ओटमार तिची हजेरी घेत.

त्या रांगेत एक पदक नव्हते. ओटमारचे पणजोबा कोर्बिनियान हे बव्हेरियाचे राजाचे फौजेत कर्णेकरी होते. लढाईत धुराने दिशा कळेना, ते समयी त्यांनी कर्णा फुंकोन वाट चुकलेली फौज माघारी आणिली, आणि राजाने पदक दिले, ऐसे ओटमारचे वडील क्वीरीन जन्मभर सांगत आले. पदक मात्र पणजीने एका हिवाळ्यात नाताळचे जेवणास हंस घेण्यासाठी विकोन टाकिले. मग पुरावा तो काय राहिला? खाणावळीत लोक म्हणत, "क्वीरीन, तुझ्या आज्याला पदक नाही, हंसच मिळाला असेल!" आणि सारे टेबल हसे. क्वीरीनही हसत. परंतु घरी येताना ते मुलाचा हात घट्ट धरीत आणि दारापर्यंत सोडीत नसत. हे ओटमारने सातवे वर्षी पाहिले आणि सत्तरावे वर्षापर्यंत विसरले नाहीत. क्वीरीन निवर्तले, तरी हंसाची थट्टा जिवंत राहिली.

ऐसे असता लिलाववाल्यांकडून यादी आली. तीत चांदीचे एक पदक, कडेवर नाव कोरलेले, अक्षरे झिजलेली, "को... हिर्नबा..." एवढेच वाचता येते, ऐसे छापिले होते. ओटमारांनी ते वाचोन कॉफीचा पेला बशीत ठेवण्याऐवजी लोण्यात ठेविला.

मग स्वयंपाकघरात मसलत बसली. खजिना बुर्गीबाईंचे हाती. त्यांनी विचार करोन फर्माविले की, पाचशे युरोंपर्यंत जावे, त्यापुढे एक पाऊल टाकू नये. कारण उरलेला खजिना गार्डा सरोवराचे सहलीसाठी राखीव आहे, आणि ती सहल लग्नापासोन पुढे ढकलली जात आहे.

"दर वर्षी तुझं एक पदक येतं आणि माझं सरोवर जातं," बुर्गीबाई म्हणाल्या.

"हे शेवटचं."

"मागच्या वर्षी शेवटचं घेतलंस ना? ते काय होतं मग?"

ओटमार लोणी पुसू लागले.

नेमिले दिवशी सकाळी कूच केले. रसद म्हणोन राय नावाचे धान्याचे काळे पाव, मुळ्याच्या चकत्या आणि उकडलेली अंडी घेतली. आम्ही मागील आसनावर रसदेसोबत होतो. रेगेन्सबुर्गास पोहोचोन गाडी लावण्यास जागा मिळेना, तेव्हा ओटमारांनी पुलापाशी तीन घेरे घातले, आणि चौथे घेऱ्यात एका पाववाल्याची गाडी हटोन जागा फत्ते जाहली.

लिलावाचे दिवाणखान्यात गेल्यावर माल पाहण्याची मुभा होती. पहारेकरीण बाईने हातमोजे दिले. ओटमारांनी पदक तळहातावर घेतले, भिंग लाविले, कड फिरविली. मग भिंग बुर्गीबाईंकडे दिले आणि म्हणाले, "तूच वाच. मला धुरकट दिसतंय."

बाईंनी वाचले. "को, मग र... बि... आणि पुढे हिर्नबा... ओटमार, तुझे बाबा खोटं बोलत नव्हते रे."

ओटमारांनी खिशातोन रुमाल काढिला आणि नाक ऐसे शिंकरले की, चार रांगांपलीकडे लोक वळले.

त्या वळलेल्यांत औग्सबुर्गचे दाताचे डॉक्टर एंगेलहार्ड लोबेनवाइन हे बलाढ्य गनीम होते. उंच, सडपातळ, पोशाखावर सुरकुती नाही. फौजेतील वाजंत्र्यांची पदके जमवावी, आणि दुसऱ्यास मिळू देऊ नये, ऐसा त्यांचा लौकिक. सकाळपासोन एक ढोलकऱ्याचा बिल्ला आणि दोन बासरीवाल्यांचे, ऐसे तीन गड त्यांनी आवाज न करिता घेतले होते. केवळ करंगळी उचलावी, की समोरचे फौजेचा धीर सुटे.

लिलाव पुकारण्याचा हातोडा क्लाइनहेन्त्स बाईंचे हाती होता. कर्णेकऱ्याचे पदक पुकारले गेले, आणि ओटमारांनी आपली क्रमांकाची पाटी निशाणासारखी उंच धरिली ती खाली घेतलीच नाही. बोली चढू लागली. दोघे तिघे हौशे होते, ते पहिले चकमकीतच गारद जाहले. मग डॉक्टरांची करंगळी उठली. ओटमार पुढे गेले, आणि लागलीच आणखी पुढे गेले. बाईंनी चष्म्यावरोन पाहिले.

"श्रीयुत हिर्नबाइस, आधीची बोलीही तुमचीच होती. स्वतःवरच चढवताय का?"

दिवाणखाना हसला. बुर्गीबाईंनी ओटमारचा हात कोपरापासोन धरोन खाली ओढिला. "अरे, शत्रू तो तिकडे बसलाय!"

परंतु हद्द जवळ आली होती. करंगळी उठली, पाटी उठली, करंगळी उठली, आणि पाचशेचा आकडा मागे पडला. ओटमारांनी बुर्गीबाईंकडे पाहिले नाही. हुकूम तो हुकूम. पाटी मांडीवर पालथी घातली आणि बुटांचे नाडीकडे पाहात बसले. वडिलांचे चालणे त्यांचे ध्यानी आले असावे, कारण त्यांनी डावा हात उजवे हाताने घट्ट धरिला होता.

क्लाइनहेन्त्स बाईंनी एक वेळ पुकारले. ते समयी डॉक्टर शेजाऱ्यास म्हणाले, आणि हळू म्हणाले, परंतु दिवाणखाना शांत असल्यामुळे सर्वांस ऐकू गेले: "तसं फार विशेष नाही हो. रांगेत एक फट आहे, तिथे बसेल. दाढेसारखं."

आता पुढील प्रसंग आम्ही जातीने पाहिला. बुर्गीबाईंनी मांडीवरली पर्स बंद केली. तिचे कुलूप वाजले, ते तोफेसारखे वाजले. ओटमारचे मांडीवरोन पाटी उचलली आणि त्या उभ्या राहिल्या.

"इकडे," त्या म्हणाल्या.

"बुर्गी, हद्द ओलांडली," ओटमार पुटपुटले.

"गप्प बस. सरोवर कुठे पळून जात नाही."

करंगळी उठली. पाटी उठली. पुन्हा करंगळी, पुन्हा पाटी. गार्डा सरोवराचा उत्तर किनारा गेला, मग हॉटेलाचा सज्जा गेला, मग नौकाविहार गेला. बुर्गीबाई डगमगल्या नाहीत, मात्र मान लाल जाहली. मग त्यांनी वळोन थेट गनिमास विचारिले.

"डॉक्टर, तुमचे पणजोबा काय करायचे?"

"बोलीच्या मध्ये बोलायला परवानगी नाही," क्लाइनहेन्त्स बाई म्हणाल्या. परंतु हातोडा त्यांनी उचलिला नाही, कारण उत्तर त्यांनाही ऐकावयाचे होते.

"बेकरी होती त्यांची," डॉक्टर म्हणाले. "का?"

"उद्या त्यांचं लाटणं इथे विकायला आलं, त्यावर त्यांचं नाव असलं, आणि मी म्हटलं, माझ्या ड्रॉवरमध्ये एक फट आहे, तिथे बसेल. तर?"

डॉक्टरांनी ओटमारकडे पाहिले, यादीतील अक्षरांकडे पाहिले, पुन्हा ओटमारकडे पाहिले. आडनाव आता कोठे त्यांचे ध्यानी आले. क्लाइनहेन्त्स बाईंनी दुसरे वेळ पुकारले. सर्व दिवाणखाना त्या करंगळीकडे पाहात होता. डॉक्टरांनी ती दुसरे हाताचे मुठीत धरिली, आणि सोडिली नाही.

हातोडा पडला. फत्ते जाहली. ओटमारांनी उभे राहोन बुर्गीबाईंस मिठी मारिली, आणि तीत एक खुर्ची कामी आली.

मग डॉक्टर जवळ आले आणि टाचा जुळवोन म्हणाले की, "माफ करा. मला नाव दिसलं होतं, माणूस दिसला नव्हता. एकदा हातात घेऊ?" बुर्गीबाईंनी परवानगी दिली. डॉक्टरांनी दातांचे भिंग लावोन झिजलेली सर्व अक्षरे वाचोन दाखविली, आणि त्याच पलटणीचा एक कर्णा आपणापाशी आहे, तो आजवर कोणी फुंकिला नाही, ऐसेही बोलले. मग वाड्याबाहेर उभ्यानेच अंडी आणि मुळ्याच्या चकत्या खाऊन तह जाहला की, पुढील रविवारी डॉक्टरांनी कर्ण्यासह क्रोटेनबाखास यावे, आणि बुर्गीबाईंनी प्लमचा केक करावा.

तहाप्रमाणे डॉक्टर आले. ओटमारांनी अंगणात कर्णा तोंडी लाविला. पहिल्याने नुसता वारा आला. दुसऱ्याने गाय अडल्यासारखा आवाज निघाला आणि डॉक्टरांनी डोळे मिटिले. तिसऱ्याने ऐसा नाद उठला की, गावचे अग्निशमन दल लोखंडी टोप घालोन, नळ्या घेऊन, कुंपण ओलांडोन अंगणात दाखल जाहले. आग नाही, केक आहे, हे कळल्यावर दलाने टोप काढिले आणि बाकांवर ठाण मांडिले. खाणावळीतले लोकही दलामागे आले. त्यांनी पदक पाहिले, कडेचे नाव बोट न लाविता वाचिले, आणि हंसाचे नाव कोणी काढिले नाही.

ओटमारांचा नियम की, पदकास उघडे बोट लावू नये, काचेबाहेर ठेवू नये. त्या दिवशी त्यांनी हातमोजे न घालिता पदक उचलिले, बुर्गीबाई केक कापीत होत्या तेथे गेले, आणि त्यांचे एप्रनवर टाचिले.

"अरे, पीठ लागेल त्याला!"

"लागू दे. तू जिंकलंस ते."

बुर्गीबाई तैशाच सर्वांस वाढीत फिरल्या, आणि अग्निशमन दलाचे नायकाने त्यांस उठोन सलाम केला.

येणेप्रमाणे कर्णेकऱ्याचे पदक हिर्नबाइस घराण्यात माघारी आले. खासा गनीम स्नेही जाहला, सरोवर येते वर्षावर पडले, खुर्चीची भरपाई रोख दिली. पदक सांप्रत भिंतीवर रांगेचे मधोमध आहे. नावाचे अक्षरांत पीठ अडकोन राहिले आहे, आणि ओटमार रोज सकाळी सर्व पदके पुसतात, ते एक पुसत नाहीत. जाहले ते लिहिले. बुर्गीबाईंनी वाचोन मंजूर केले.