सर्जेराव तात्यांची रोजची जंग

आमच्या गावात बर्फ दोनच ठिकाणी बघायला मिळतो. एक डेअरीच्या टाकीत आणि दुसरा जत्रेत, गोळेवाल्याच्या गाडीवर. तरीही आमच्या शेजारच्या सर्जेराव तात्यांच्या सोप्यात, गोठलेल्या नदीला भोक पाडून मासे धरायचं अख्खं सामान भिंतीला टेकून उभं असतं. ते रोज पुसलं जातं. आणि तात्या मासे खात नाहीत. वास येतो म्हणतात.

सामान म्हणजे काय, तर एक गिरमिट. सुतार लाकडाला भोक पाडायला वापरतो तसंच, फक्त माझ्या छातीला लागेल एवढं उंच. एक टोकदार पहार, तिच्या मधोमध फडक्याची मूठ बांधलेली. भोकात तरंगणारा बर्फाचा चुरा काढायला लांब दांड्याचा झारा. बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे. आणि गळांचा एक डबा, त्यात ओल ओढून घ्यायला चुन्याची पुरचुंडी. आमचं गाव कृष्णेच्या इतकं काठाला आहे की पावसाळ्यात घरातली कात्री आठवड्यात तांबूस होते. तात्यांच्या गिरमिटात मात्र तुम्ही भांग पाडून घ्यावा.

हे कसं होतं, ते मी लहानपणापासून बघत आलेय आणि अजून माझा त्यावर विश्वास बसत नाही. सकाळी सात वाजता तात्या सुती हातमोजे घालतात. आधी कोरडं फडकं, मग जवसाच्या तेलाचं, मग परत कोरडं. तेलाचा थर एवढा पातळ की बोट लावलं तर बोटालाही कळू नये. पण बोट लावायचं नाही. लोखंडाला उघडा हात लावलेला तात्यांना चालत नाही.

"माणसाच्या हातात मीठ असतंय, पोरी. जिथं हात लागला, तिथं जंग उठला."

गंजाला तात्या जंग म्हणतात. पंचवीस वर्षं फौजेत काढली, त्यातली बरीचशी कोतात. कोत म्हणजे पलटणीची हत्यारं ठेवायची खोली. तिथल्या लोखंडावर तांबडा ठिपका दिसू द्यायचा नाही, हे तात्यांचं काम. या जंग शब्दानं तात्यांच्या आयुष्याचा एकदा चांगलाच बट्ट्याबोळ केलाय. वर सरहद्दीच्या बर्फात असताना त्यांनी घरी पत्र लिहिलं होतं, "इकडे रोज जंग चालू आहे. हात सोलून निघालेत. पण एकालाही सोडत नाही." पत्र पारावर मोठ्यानं वाचलं गेलं. तात्या सुट्टीवर आले तेव्हा एसटी स्टँडवर हलगी, गुलाल आणि अर्धं गाव. तात्या घसा फोडून सांगत होते, "आरं, जंग म्हंजे तांब! लोखंडाची तांब!" हलगीत कुणाला काय ऐकू येणार? तेव्हापासून दर झेंडावंदनाला शाल-नारळ तात्यांनाच.

"मी लढाई बघितलीच न्हाई गं," एकदा ते मला ओशाळून म्हणाले. "मी आपला घासत हुतो."

आता माझ्याबद्दल दोन ओळी, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमचं घर चळवळीचं. माझे वडील, म्हणजे आप्पा, गावोगाव पत्रकं वाटायचे. मी बाराखडी पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर गिरवली. आप्पा गेले आणि त्यांनी आयुष्यभर लिहिलेल्या पत्रकांची एक ट्रंक माझ्याकडे राहिली. प्रत्येकाची एकच प्रत. मीही पत्रकं लिहायला लागले. पहिल्याच पत्रकाचा मथळा मी दिला होता, "गंजलेली व्यवस्था फेकून द्या!"

तात्यांनी ते चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून वाचलं.

"फेकून कशापायी द्यायची?"

"गंजलीय म्हणून."

"कसला गंज?"

"म्हणजे?"

"आगं, वरवरचा हाय का पोटात शिरलाय? किल्लीनं वाजवून बघितलंस? खण्ण वाजलं तर लोखंड जित्तं हाय, घासून निघंल. थद्द वाजलं तर मग फेक. न वाजवताच फेकाय निघालीयास व्हय, पुढारीणबाई?"

मी तावातावानं म्हणाले, "तात्या, तुम्ही जैसे थेवादी आहात."

आमच्यात याहून मोठी शिवी नाही. पण तात्यांचा चेहरा असा उजळला, जणू मी मेडल लावलं. कारण 'जैसे थे' हा त्यांचा लाडका शब्द. परेडला हुकूम चुकला की उस्ताद ओरडायचा, 'जैसे थे!' की सगळ्यांनी पहिल्यासारखं उभं राहायचं. तात्यांनी तो हुकूम घरी आणला. भाजीत मीठ जास्त पडलं, जैसे थे. जावयानं चप्पल वाकडी काढली, जैसे थे. जत्रेत त्यांनी गोळेवाल्याच्या बर्फ किसायच्या रंध्याला तांब बघितली आणि लायनीत उभ्या असलेल्या सगळ्या पोरांना हुकूम सोडला, "जैसे थे! कुणी गोळा खायचा न्हाई!" रंधा घरी नेऊन, घासून आणून दिला, मग गोळे सुरू झाले.

काकी, म्हणजे तात्यांच्या मंडळी, या सगळ्याला विटलेल्या. "माज्या गुडघ्याला कवा तेल लावलं न्हाई ह्यांनी, आन् त्या पहारंला रोज मालिश!" एकदा घरी पाव्हणे आले आणि काकींचा झारा सापडेना. त्यांनी भिंतीचा बर्फाचा झारा घेतला आणि त्यात झकास कांदाभजी काढली. तात्या बाहेरून आले. त्यांनी झारा बघितला, भजी बघितली, आणि झारा घेऊन परड्यात गेले. राख, लिंबू, गरम पाणी, तव्यावर शेकून कोरडा करणं, तेल. पाव्हणे जेवून गेले तरी चाललं होतं.

"मिठाचं पीठ लावलं त्याला," एवढंच म्हणाले.

"आवं, पर भजी लय झ्याक निघाली त्यात," काकी म्हणाल्या. "बर्फाचं भोक काय न् तेलाची कढई काय!"

शेवटी मीच एकदा विचारलं, "तात्या, इथं नदी कधी गोठायची नाही. हे कुणासाठी?"

"माजं न्हाईच ते. हसनचं हाय."

हसन म्हणजे फौजेचं सामान पाठीवरून वर चढवणारा तिकडचाच गडी. सुट्टीच्या दिवशी तो नदीच्या बर्फावर बसून मासे धरायचा आणि तात्या त्याच्या शेजारी नुसते बसायचे. त्याला तात्यांनी कोतातली विद्या शिकवली. थंडीतलं लोखंड एकदम शेगडीजवळ न्यायचं नाही, त्याला घाम फुटतो. आधी दाराशी ठेवायचं, पुसायचं, मग आत घ्यायचं. मग एक दिवस अचानक तात्यांच्या बदलीचा हुकूम आला. ट्रक निघताना हसन धावत आला आणि त्यानं सगळं सामान वर चढवलं. "अगले जाडे में वापस लाना. जैसे थे." म्हणजे पुढच्या हिवाळ्यात परत आणायचं, जसंच्या तसं.

"त्याला मासे धरायला नको होतं का ते?" मी विचारलं.

"हुतं की. पर ते दिलं म्हंजे मला माघारी जावं लागंल, म्हणून दिलं त्यानं."

तात्यांची परत वर बदली झाली नाही. दोन पत्रं आली, तिसरं आलं नाही. तात्यांनी लिहिलेली तेवढी तिकडं जात राहिली. तरी रोज सकाळी सात वाजता हातमोजे. माणूस आला तर त्याची वस्तू त्याला जैसे थे मिळाली पाहिजे, एवढाच त्यांचा हिशेब.

मग कृष्णेला पूर आला. आमच्याकडं पूर कसा येतो ते सांगलीपर्यंत कुणाला सांगायला नको. दुपारपर्यंत पाणी गल्लीत आलं, आणि गावातली एकच होडी माणसं शाळेच्या टेकाडावर नेत होती. आमच्या गल्लीच्या शेवटच्या फेरीत मी आणि तात्यांचं घर होतं. होडीत मी, काकी, दोन शेळ्या, आणि तात्या चढले की सामानाच्या आणखी एका डागापुरती जागा. तात्यांच्या दारात मेणकापडात बांधलेलं हसनचं सामान तयार होतं. तात्या आमच्या घरात शिरले आणि डोक्यावर आप्पांची ट्रंक घेऊन बाहेर आले.

"तात्या, तुमचं सामान!" मी ओरडले.

"बस खाली! कागद भिजला की पुन्ना जैसे थे होत न्हाई. लोखंड हुतंय."

मेणकापडाची वळकटी त्यांनी माळ्यावर फेकली. पाणी माळ्याच्याही वर गेलं आणि आठवडाभर उतरलं नाही.

परत आलो तेव्हा गल्लीत गुडघाभर चिखल. माळा खाली आला होता, मेणकापड फाटलं होतं. गिरमिट लाल, काटे लाल, झाऱ्याला पापुद्रे. तात्या चिखलातच बसले.  मग खिशातून किल्ली काढून त्यांनी एकेक वस्तू वाजवली. खण्ण. खण्ण. झारा जरा घोगरा वाजला. पहार खण्ण.

"जित्तं हाय," ते म्हणाले. "कारखान्यातनं मळी आण."

मळी म्हणजे उसाच्या साखरेनंतर उरणारा काळा पाक. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, आणि त्यात गंजकं लोखंड बुडवून ठेवायचं. गंज सुटतो, लोखंडाला धक्का लागत नाही. मला हे खरंच वाटेना. तीन आठवडे तात्यांच्या परड्यात काळं पिंप फसफसत होतं, वासानं गल्ली नाक धरून चालत होती, आणि एक दिवस तात्यांनी त्यातून गिरमिट वर काढलं. करडं, स्वच्छ, जणू नुकतंच लोहारानं उतरवलेलं. मी हात जोडले. खोटं सांगत नाही, जोडले.

पहार तेवढी उभी होती. तिचं आधी एक टोक पिंपात, मग दुसरं. फडक्याची मूठ कायम पाण्याच्या वर. मला वाटलं, पिंप अपुरं पडतंय. ट्रंकेचं ऋण माझ्या डोक्यावर होतंच. तात्या तेल आणायला घरात गेले, तेवढ्यात मी पहार आडवी घेतली, फडकं सोडलं. आत मेणाचा जाड थर. नखानं मेण सोलायला लागले तर खाली गंज! जुना, काळपट. पुराचा नव्हेच. म्हटलं, तात्यांच्या नजरेतून सुटला, चला, आपण काढू. तारेचा ब्रश उचलला.

"जैसे थे!"

इतक्या वर्षांत तो हुकूम असा मी ऐकला नव्हता. ब्रश माझ्या हातातून पडला. तात्या दारात उभे होते, तेलाचा डबा तिरका होऊन तेल पायावर गळत होतं आणि त्यांना ते कळत नव्हतं.

मग ते जवळ येऊन बसले. पहार त्यांनी मांडीवर घेतली आणि उजेडाकडं वळवली. तेव्हा मला दिसलं. तो गंज नुसता डाग नव्हता. चार बोटं पलीकडून वळलेली, अंगठा अलीकडं.

"ट्रकात पहार वर देताना त्यानं हातमोजा काढला," तात्या म्हणाले. "मोज्यानं कुणी निरोप देतंय व्हय, म्हणाला. तिथल्या थंडीत उघडा हात लोखंडाला चिकटतो. त्याचा चिकटला. कातडं ठिवूनच सोडवला. तवा काय दिसलं न्हाई. खाली सपाट मुलखात गाडी बदलताना बघतो, तर ही बोटं उठल्याली. त्याच्या हातातलं मीठ."

"आणि तुम्ही काढला नाही?"

"वाढू दिला न्हाई. कमीबी हू दिला न्हाई."

मी बोट पुढं केलं. त्यांनी माझं मनगट धरलं. "हात लावू नगस. तुजंबी मीठ लागंल."

मग त्यांनी उजवा हातमोजा काढला आणि आपला पंजा त्या खुणेवर धरला. टेकवला नाही. मधे कागद सरकेल एवढी फट. तात्यांची बोटं त्या बोटांच्या जरा पुढं जात होती.

"बारका हुता गं हात त्याचा," ते म्हणाले, आणि तसाच हात धरून बसले.

जरा वेळानं म्हणाले, "मेण आण जा. उघडं पडलंय."